फांदी लागेपर्यंत

सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझे सासरे उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "सही आत्ता घ्या माझी. पण चावी देणार नाही. फांदीनं मूळ धरलं की निघतो, तोवर नाही." मग खाली बसले आणि शर्टाच्या टोकानं चष्मा पुसायला लागले.

मीटिंग गच्चीवर होती. बिल्डरचा माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला, त्याला काही कळेना. कसली फांदी? त्यानं सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरीनं माझ्याकडे. माझ्याकडेच बघणार, दुसऱ्या कुणाकडे! घरातलं म्हातारं माणूस काहीही बोललं की जगाला उत्तर सुनेनं द्यायचं, असा नियमच आहे. मी म्हटलं, "खाली टाकीजवळ अनंत आहे ना, त्याची फांदी. ती लावून न्यायचीय आम्हाला." तेव्हा सगळे हसले, "एवढंच ना?" म्हणाले. मीसुद्धा हसले. त्यात काय, महिन्याभराचं काम, मी लावते, असं तिथल्या तिथे बोलूनही गेले. माझं तोंड हे असं आहे, माझ्या आधी धावतं.

बिल्डिंग आमची वर्तकनगरातली, चार मजल्यांची, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्यातल्या भिंतीला हात लावला की चुना हाताला यायचा. ती पाडून तिथे टॉवर होणार, तोवर आम्ही डोंबिवलीला भाड्यानं राहणार, सगळं ठरलेलं. टाकीजवळचा अनंत सासूबाईंनी लावलेला. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या तेव्हा चिपळूणहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली फांदी, असं त्या येईल त्याला सांगायच्या. पांढरं, जाड पाकळीचं फूल. वास असा की दार लावलं तरी आत यायचा. आजूबाजूच्या पूजेवाल्या बायका कळ्याच तोडून न्यायच्या, म्हणून सासरे रोज उजाडताच खाली उतरायचे आणि दूध घ्यायच्या आधी फुलं आणायचे. त्यातलं एक सासूबाईंच्या अंबाड्यात, बाकीची देवाला. देवापेक्षा अंबाडा आधी, यावरून मी त्यांना खूप चिडवलेलं. सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं.

नवरा म्हणाला, "बाबा, घोडबंदरला रांगेनं नर्सऱ्या आहेत. दहा अनंत आणून देतो." सासरे शांतपणे म्हणाले, "तुझ्या आईच्या जागी दुसरी आणली असती तर चाललं असतं का तुला?" नवऱ्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. माळी आणून झाडच उपटायचंही बघितलं. त्यानं बुंध्याशी थोडं खणलं आणि मान हलवली. मुळं टाकीच्या भिंतीखाली शिरलेली. झाड काढायचं तर टाकी फोडावी लागणार, आणि टाकी फोडली तर बिल्डिंगला पाणी नाही. म्हणजे राहिली फांदीच.

आता खरं सांगते. बिल्डिंगमध्ये निघायची सगळ्यात घाई कुणाला असेल तर मला. वीस वर्षं मी त्या गळक्या बाथरूमशी भांडत होते. डोंबिवलीचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, स्वयंपाकघरात ओट्यावर सकाळचं ऊन, नळाला धार अशी की हात मागे ढकलेल. मी पडद्यांची मापं घेऊन आलेले. स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी करून खोकी भरून ठेवली, मग रोज लागणारी चाळणी कुठल्या खोक्यात गेली म्हणून तीच खोकी परत उचकली. माझ्या आईला मी शाळेत होते तेव्हापासून काळजी, या मुलीच्या पायाला भिंगरी आहे, हिचं कसं होणार. कुकर लावला की शिट्टी व्हायच्या आधी मी शेगडीशी जाऊन उभी. असल्या बाईच्या हातात फांदी लावायचं काम आलं.

पहिल्या खेपेला मी फांद्या सरळ मातीत खोचल्या आणि प्रेमानं पाणी घातलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आठवड्यात सगळ्या बुडाशी काळ्या पडल्या, हात लावला तर साल सुटून आली. मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. एक बाई सांगत होती पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या, फार कोवळी नको, फार जुनी नको. पान फुटतं त्या डोळ्याच्या खाली तिरका काप द्या. खालची पानं काढा, वरची अर्धी कापा, म्हणजे पाणी कमी उडतं. दुसरी बाई म्हणत होती कोरफडीत बुडवा. तिसरी म्हणे दालचिनी लावा. मी मूळ फुटायची पावडर आणली, त्यावर कोरफड लावली, वर दालचिनीही लावली, उगाच कमी पडायला नको. रेती आणि कोकोपीट निम्मं निम्मं भरलं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या अर्ध्या कापून प्रत्येकीवर उपड्या घातल्या. गॅलरीत रांग लागली. सासरे खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "अतिदक्षता विभाग झाला की गं हा."

त्याही गेल्या. कुजल्या नाहीत, नुसत्या मलूल झाल्या आणि माना टाकल्या. मला नवल याचं वाटलं की बोटानं हलवून बघितलं तर सगळ्या सैल. महिना होत आला तरी जमिनीला धरून एकही नाही.

सासरे म्हणाले, "तू हलवून बघतेस त्यांना."

"मी? एकदा बघितलं फक्त!"

"एकदा म्हणजे एकदाच का? तुझं स्वतःचं बूड एका जागी टेकत नाही, फांदीचं कसं टेकणार?" असं बोलून वर हसले. एकदा मी खरंच उपटून बघितलेली, नाही म्हणत नाही, पण एकच आणि तीही परत खोचलेली. सासरे आयुष्यभर कंपनीत टर्नर होते, लेथवर केसाएवढा फरक पकडायचे, त्यांच्यापुढे माझ्या धीराची काय कथा. मी चिडले, पण दोष माझाच असणार असं मनात बसलं. कामावरून आले की गॅलरीकडे जायचं नाही, असं ठरवून टीव्हीसमोर बसायचे, आणि पाच मिनिटांत गॅलरीत.

तोवर बिल्डिंग रिकामी व्हायला लागली. आधी चौथा मजला गेला, मग तिसऱ्यावरची दोन घरं. माणसं गेली की मागोमाग भंगारवाले यायचे आणि खिडक्या, दारं, ग्रिल, नळ, सगळं काढून न्यायचे. दिवसभर हातोडे. रिकाम्या घरांत कबुतरं शिरली, त्यांच्या घुमण्यानं डोकं उठायचं. संध्याकाळी जिन्यातून वर येताना दोन्हीकडे दारांच्या जागी नुसती भोकं, आतल्या भिंतींवर कॅलेंडर होतं तिथला स्वच्छ चौकोन, कुणाच्या मुलाची उंची मोजलेल्या रेघा. मी मान खाली घालून झपाझप वर यायचे. आणि स्वतः घर सोडून गेला तरी गेटवर रोज सेक्रेटरी.

"वहिनी, लागली का?"

"नाही हो अजून."

पहिले काही दिवस ती गंमत होती. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी रोज सकाळी 'फांदी बुलेटिन' टाकायचं. नंतर बुलेटिन बंद झालं, आणि लोक आम्हाला सोडून आपसांत बोलायला लागले हे मला कळत होतं. शेवटचं घर रिकामं झाल्याशिवाय पाडायला सुरुवात नाही, आणि पाडल्याशिवाय बांधणार कधी? एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी सगळे अडकलेले. त्यांचं चूक तरी कसं म्हणू? त्यांच्या जागी मी असते तर रोज भांडायला वर आले असते.

तळमजल्यावरच्या काकू निघाल्या तेव्हा आम्ही शेवटचेच उरलो. काकू शहाडला मुलाकडे चालल्या होत्या. टेम्पो दारात उभा, आणि या जिना चढून धापा टाकत माझ्याकडे. "अगं बाई, तू शिकलेली ना? मग तुला एवढं माहीत नाही? घरच्या झाडाची फांदी घरच्या माणसानं लावली तर लागते का कधी? झाड चोरून आणायचं असतं! माझा मनी प्लांट बघितलास ना, डॉक्टरच्या दवाखान्यातून उचललेला. मागून आणलेली तुळस माझी दोनदा मेली."

मी म्हटलं, "काकू, झाड आमचंच. ते मी चोरू कसं?"

काकूंनी थोडा विचार केला. "थांब," म्हणाल्या आणि खाली गेल्या. मी गॅलरीतून बघतेय तर पदर खोचून, इकडेतिकडे बघत, भर दुपारी बाईनं अनंताच्या तीन चांगल्या फांद्या मोडल्या आणि भाजीच्या पिशवीत घातल्या. टेम्पोवाला बघतोय, बघू दे. वर आल्या, पिशवी माझ्या उंबऱ्यावर ठेवली. "आता या माझ्या. मी चोरल्यात. मी आत जाऊन पाणी पिते, माझ्या पिशवीला हात लावशील तर बघ!" आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. एक ग्लास पाणी प्यायला त्यांना इतका वेळ लागला की माझ्या त्या तिन्ही फांद्या काढून, कापून, पावडर लावून खोचूनसुद्धा झाल्या. बाहेर येऊन त्यांनी रिकामी पिशवी उचलली, झटकली आणि, "मेली काय माणसं आहेत, शेजाऱ्याची पिशवीसुद्धा सोडत नाहीत," असं मोठ्यानं बडबडत जिना उतरल्या. सासरे खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. नेहमी अशा गोष्टीला ते खूप हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

त्या तिघींतली एक टिकली. इतकंच नाही, तिला टोकाशी हिरवं, तांदळाच्या दाण्याएवढं पान दिसलं. मी गॅलरीतून ओरडलेच, "बाबा! आली! चोरीची ती चोरीचीच!" सासरे उठले नाहीत. म्हणाले, "पानाचं काही खरं नसतं. खोडातल्या जोरावर पान येतं. मूळ आल्याशिवाय काही बोलू नकोस कुणाला."

"मग बघू का उपटून?"

"अजिबात नाही!" इतक्या जोरात म्हणाले की मी दचकले.

मी सांगितलं नाही कुणाला. पोटात माझ्या काही राहत नाही, तरी राहू दिलं. दवाखान्यात रिसेप्शनला बसते मी, पेशंटचे फोन घेता घेता हात आपोआप मोबाईलवर डोंबिवलीच्या टेम्पोवाल्याचा नंबर शोधायचा. रात्री झोप नाही. रिकाम्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या पाइपचा आवाजसुद्धा कुणी चालत आल्यासारखा यायचा. नवरा म्हणायचा, पडून तरी रहा. पडून राहणं मला आजवर कधी जमलंय!

मग एका सकाळी कामाला निघाले आणि गेटपर्यंत गेल्यावर कळलं की मोबाईल घरीच. स्वतःला शिव्या घालत परत आले. माझ्याकडची चावी लावून आत शिरले. सासरे गॅलरीत स्टुलावर बसलेले, पाठ माझ्याकडे. मांडीवर पेपर पसरलेला. बाटली बाजूला काढून ठेवलेली. पेपरवर ती फांदी आडवी, आणि तिच्या बुडाशी पांढरी मुळं. खीर करताना भिजलेल्या शेवया असतात ना, तशी, बोटभर लांब. सासरे नखानं एकेक मूळ खुडत होते. मेथी निवडावी तसं, अजिबात घाई न करता.

मी ओरडले, "बाबा!"

ते दचकले नाहीत. हात मात्र थांबला.

"हे काय करताय? अहो हे काय करताय तुम्ही?"

"दिसतंय ना तुला."

"म्हणजे त्या आधीच्या..."

"आधीच्यांनाही आली होती. पहिल्या तेवढ्या तू कुजवल्यास. नंतरच्या सगळ्या लागल्या होत्या. तुझ्या हाताला गुण आहे."

माझं डोकंच फिरलं. मग मी जी सुटले ती सुटलेच. महिना महिना मी स्वतःला दोष देतेय, लोक माझ्याकडे कसे बघतात ते माहितीय का, गेटवर मान वर करायची सोय नाही, तो सेक्रेटरी रोज विचारतो, तुमच्यासाठी मी दालचिनीसुद्धा लावली, निघायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतं, नाही करायची सही! "तुम्हीच म्हणालात ना मूळ धरलं की निघतो?"

"म्हणून तर," ते म्हणाले.

मला श्वास घ्यायला थांबावंच लागलं. तेवढ्यात ते बोलले. आवाज अगदी साधा, उद्या पाणी किती वाजता येणार ते सांगावं तसा. "बिल्डर तीन वर्षं म्हणतोय. म्हणजे पाच. तुम्ही सगळे याल परत. नवीन घर बघाल. मी नाही येणार गं. माझं वय बघ. मी इथून निघालो म्हणजे निघालोच." फांदी त्यांनी पेपरवर नीट सरळ केली. "तुझ्या सासूला या जिन्यातून नेली. खालच्या सगळ्या दारांत माणसं उभी होती. मला वाटलेलं आपलंही तसंच होईल. त्या डोंबिवलीत सातव्या मजल्यावर मला कोण ओळखतंय? लिफ्टमध्ये उभं करून नेतील."

आता कुठे माणसं राहिलीयत दारांत, दारंच राहिली नाहीत, हे माझ्या जिभेवर आलेलं. आणि दुसरंही आलेलं, जे सगळे म्हणतात: असं काय बोलता बाबा, शंभर वर्षं जगाल तुम्ही. यातलं काहीच बोलले नाही. त्यांनी हिशेब बरोबर केलेला आणि मला तो खोडता येत नव्हता. मला एकदम इतकं रडू आलं की राग कुठे गेला कळलं नाही. त्या माणसाशेजारी मी रोज पडद्यांची मापं मोठमोठ्यानं वाचत होते.

मी म्हटलं, "चहा ठेवू?"

"ठेव."

चहा देऊन मी खाली बसले आणि फांदी घेतली. दोन मुळं शाबूत होती. कुंडीत बोटानं खळगा केला, फांदी त्यात सोडली, रेती दाबली, पाणी शिंपडलं, बाटली उपडी घातली. ते बघत होते. मी मोबाईल घेतला आणि निघाले.

गेटवर सेक्रेटरी आणि बिल्डरचा माणूस, दोघंही उभे.

"काय वहिनी, लागली का?"

"नाही," मी म्हटलं. "गेली तीही. परत लावावी लागणार. पाऊस संपेपर्यंत तरी काही खरं नाही."

मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. त्याला दिसलं असणार. इतके दिवस गोड बोलणारा सेक्रेटरी पहिल्यांदा भडकला. "वहिनी, बास झालं आता. म्हाताऱ्याचं नाव पुढे करताय, तुम्हालाच निघायचं नाहीये. सगळ्या बिल्डिंगला वेठीला धरलंय तुम्ही!"

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली असती. त्या दिवशी म्हटलं, "हो. धरलंय. मलाच नाही निघायचं. काय करायचं ते करा."

तेवढ्यात वरून आवाज आला, "ए! तिला बोलायचं काम नाही!"

दुसऱ्या मजल्याच्या आमच्या गॅलरीत सासरे उभे होते, कठड्याला धरून, पुढे वाकलेले. "लागलीय फांदी. मुळं आलीत, मी बघितलीत माझ्या डोळ्यांनी. खोटं बोलतेय ती. रविवारी चावी देतो."

बिल्डरच्या माणसानं लगेच मोबाईल काढला. मी मागे वळून, होता नव्हता तो जीव एकवटून ओरडले, "नाही लागलेली! बाबा, तुम्हाला दिसत नाही नीट! नाही लागलेली, सांगितलं ना!" रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघायला लागले. माझा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि सेक्रेटरी एकदा वर बघतोय, एकदा माझ्याकडे, त्याला काही कळेना की बाई आनंदाच्या बातमीला एवढी का रडतेय.

"पुरे गं," सासरे वरून म्हणाले. "वर ये. भांडी बांधायला घेऊ."